विनायक लक्ष्मण भावे: ठाण्याहून लिहिलेला मराठी वाङ्मयाचा इतिहास

विनायक लक्ष्मण भावे (६ नोव्हेंबर १८७१ – १२ सप्टेंबर १९२६) हे ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाचे कर्ते, ‘महाराष्ट्र कवि’ या मासिकाचे संपादक आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे एक संस्थापक. चरितार्थासाठी ते मिठाचा धंदा करीत. प्राध्यापकी किंवा सरकारी शिक्षणखात्यातली नोकरी त्यांनी केली नाही, एखाद्या संस्थानिकाचा आश्रयही त्यांना नव्हता. तरीही जुन्या मराठी वाङ्मयाचा पहिला सलग इतिहास त्यांच्या हातून लिहून झाला, आणि तो पुण्यात किंवा मुंबईत बसून नव्हे, तर खाडीकाठच्या एका जिल्ह्याच्या गावी राहून.

त्यांचा जन्म त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, पनवेलजवळच्या पळस्पे गावी झाला. शिक्षण ठाण्यात आणि पुढे मुंबईत. १८९५ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी घेतली. कायद्याची किंवा कलाशाखेची पदवी घेऊन वकिली, मुन्सफी किंवा मास्तरकी धरायची, हा त्या काळच्या सुशिक्षितांचा मळलेला रस्ता होता. विज्ञानाची पदवी घेणारे मोजकेच. पदवी मिळाल्यावर भाव्यांनी तिच्या जोरावर नोकरी न शोधता घरच्या मिठागरांचा व्यवहार पाहिला. विज्ञान शिकलेल्या माणसाने मीठ पिकवावे यात विसंगत काही नाही. नवल आहे ते पुढचे: या माणसाचे नाव राहिले ते मुकुंदराज, दासोपंत आणि दामोदर पंडित यांच्या पोथ्यांमुळे.

हा ओढा कुठून आला, याचा एक धागा ठाण्यातच सापडतो. शाळकरी वयात भाव्यांना जनार्दन बाळाजी मोडक यांचा सहवास लाभला. मोडक हे शिक्षक, ज्योतिषाचे अभ्यासक आणि ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाच्या संपादकांपैकी एक. १८७८ मध्ये पुण्यात निघालेल्या या मासिकामागे काशिनाथ नारायण साने, मोडक, शंकर तुकाराम शाळिग्राम आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर अशी मंडळी होती. सान्यांकडे मुख्यतः बखरी आणि कागदपत्रे, मोडकांकडे काव्य अशी साधारण वाटणी होती. अकरा वर्षे चाललेल्या या मासिकाने पेशवाईच्या पडझडीनंतर घरोघरच्या माळ्यांवर पडलेले कागद पहिल्यांदा छापखान्यात आणले. मोडकांसारख्या माणसाच्या संगतीत मुलाला जुन्या कवितेची गोडी लागली आणि ती पुढे सुटली नाही.

भाव्यांचे काम नीट समजायचे तर एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मासिकांची रीत लक्षात घ्यावी लागते. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले आणि जुन्या कवितेतले निवडक वेचे शाळांमधून घरोघर पोचले. जनार्दन रामचंद्रजी यांचे ‘कविचरित्र’ १८६० मध्ये आले. पण वेच्यांच्या आणि चरित्रांच्या पलीकडे, अखंड ग्रंथ पोथीतून उतरवून छापायचे काम केले ते मासिकांनी: माधव चंद्रोबांचा ‘सर्वसंग्रह’, मग ‘काव्येतिहाससंग्रह’, मग निर्णयसागरचा ‘काव्यसंग्रह’. कारण उघड होते. एखादे मोठे काव्य एकदम छापायला लागणारे भांडवल कोणाजवळ नसे आणि ग्रंथ विकला जाईल याची खात्रीही नसे. मासिकाला मात्र वर्षाची वर्गणी आगाऊ येई. दर महिन्याला आठ-सोळा पाने एका ग्रंथाची, तितकीच दुसऱ्याची, अशी सोय करता येई. प्रत्येक ग्रंथाला स्वतंत्र पृष्ठांक दिले जात, म्हणजे ग्रंथ पुरा झाल्यावर वर्गणीदाराने अंक उसवून पाने वेगळी काढावीत आणि बांधून घ्यावीत. या पद्धतीने मराठीचे जुने धन वाचले, यात शंका नाही. तिची दुसरी बाजूही होती. मासिक बंद पडले की चालू ग्रंथ अर्धा राही. जुन्या ग्रंथालयांत अशी मधेच तुटलेली काव्ये आजही बांधून ठेवलेली दिसतात.

ठाणे या व्यवहारापासून लांब नव्हते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यालाच येऊन थांबली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. गाडीबरोबर टपाल आले, वर्तमानपत्रे आली. १८६६ मध्ये काशिनाथ विष्णु फडके यांनी ठाण्यात ‘अरुणोदय’ साप्ताहिक सुरू केले, आणि विनोदी पत्रांमध्ये आरंभीचे म्हणून गणले जाणारे ‘हिंदुपंच’ही याच गावातून निघे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. जिल्ह्याच्या गावी कचेरी, न्यायालय, तुरुंग, शाळा आणि त्यांच्यामुळे आलेला कारकून-वकील-मास्तरांचा वाचकवर्ग असा सगळा सरंजाम असे. मोठे कॉलेज नसले तरी वर्तमानपत्राला लागणारा वाचक इथे होता.

या वाचकासाठी भाव्यांनी केलेले पहिले काम म्हणजे ग्रंथालय. १ जून १८९३ रोजी विष्णू भास्कर पटवर्धन यांच्यासह त्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. भाव्यांचे वय तेव्हा एकवीस वर्षांचे, पदवी मिळायला अजून दोन वर्षे बाकी. त्याआधी गावोगावच्या ‘नेटिव जनरल लायब्ररी’ नावाच्या वाचनालयांत इंग्रजी पुस्तकांना मानाचे कपाट असे आणि मराठी पुस्तके उरलेल्या फळीवर. नुसत्या मराठी ग्रंथांचे संग्रहालय ही कल्पना त्या काळी नवी होती. जे जे मराठीत छापले गेले ते एका जागी असावे, हा त्यामागचा विचार. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघाले. पुढे भावे जे लिहू शकले त्याची पायाभरणी इथे झाली, असे म्हणायला हरकत नाही. वाङ्मयाचा इतिहास लिहायचा तर आधी वाङ्मय हाताशी पाहिजे, आणि ते ठाण्यात तयार मिळण्यासारखे नव्हते.

धंद्याचा विचार केला तर मीठ हे काही फुरसतीचे काम नव्हते. ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठी आगरांचे वर्ष पावसाळा सरल्यावर सुरू होई. बांध दुरुस्त करायचे, तळ तुडवून घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीचे पाणी मोठ्या खाचरात घ्यायचे, ते उन्हाने आटत आटत लहान कोंड्यांत सोडायचे, आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास दाणा धरू लागला की फळीने ओढून बांधावर राशी घालायच्या. मृगाच्या आत माल हलवला नाही किंवा राशी शाकारल्या नाहीत तर वर्षाची मेहनत पाण्यात. त्यावर सरकारी पहारा आणि कर. १८८८ पासून मणाला अडीच रुपये असलेला मिठावरचा कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया असा उतरत गेला. योगायोग असा की भाव्यांचे मासिक नेमके याच चार वर्षांत चालले. दोन्हींचा काही संबंध होता असे मानायला आधार नाही. एवढे मात्र खरे, की या मासिकाला दुसऱ्या कोणाचे भांडवल नव्हते.

मासिकाच्या आधी निबंध आला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर ‘ग्रंथमाला’ नावाचे मासिक चालवीत. स्वदेशी शिक्षणाचे कडवे पुरस्कर्ते असलेल्या या गृहस्थांनी पुढे तळेगावला समर्थ विद्यालय काढले आणि ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखाबद्दल तुरुंगवासही भोगला. त्यांच्या ‘ग्रंथमाले’त १८९८-९९ मध्ये भाव्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा तो आटोपशीर होता: जुन्या मराठी कवींचा कालानुक्रमाने घेतलेला एक आढावा. लेखकाचे वय सव्वीस-सत्तावीस. पण त्यातली दृष्टी वेगळी होती. आधीच्या चरित्रकारांनी कवी सुटे सुटे पाहिले होते, प्रत्येकाला त्याच्या चमत्कारांसह आणि दंतकथांसह. भाव्यांनी ते एका ओळीत उभे केले. देवगिरीचे यादव, बहामनी राजवट, शिवकाल, पेशवाई या राजकीय घडामोडींशी त्यांनी कवितेची चढउतार जोडून दाखवली. एकाचा दुसऱ्यावर काय परिणाम झाला, हा प्रश्न मराठीत इतक्या ठामपणे आधी कोणी विचारला नव्हता.

निबंध लिहिताना एक अडचण त्यांना पदोपदी जाणवली असणार. ज्यांच्याबद्दल लिहायचे त्यांचे अर्धेअधिक लेखन छापलेलेच नव्हते. यावर भाव्यांनी काढलेला उपाय म्हणजे ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक. १९०३ ते १९०७ या काळात ते चालले. दासोपंत, सामराज, नागेश अशा, नावाने ठाऊक पण वाचायला न मिळणाऱ्या कवींच्या रचना त्यातून प्रसिद्ध झाल्या. दासोपंत हे यातले सर्वांत अवघड प्रकरण. अंबेजोगाईच्या या सोळाव्या शतकातल्या कवीने गीतेवरचे भाष्य ‘गीतार्णव’ या नावाने लिहिले, ते सव्वा लाख ओव्यांचे असल्याचे परंपरा सांगते. शिवाय सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले, तीच प्रसिद्ध ‘पासोडी’. एवढा प्रचंड लेखक आणि तो छापील मराठीत जवळजवळ नाहीच, ही स्थिती बदलायला मासिकाची वीस-पंचवीस पाने अपुरीच होती. तरी सुरुवात झाली.

असे मासिक चालवणे म्हणजे काय, याची कल्पना पोथीकडे पाहिल्याशिवाय येत नाही. पोथी म्हणजे आडवी, सुटी पाने, वर-खाली दोन फळ्या आणि भोवती कापडी रुमाल. काजळाच्या शाईने बोरूने लिहिलेला मजकूर, समासाला हिंगुळाच्या तांबड्या रेघा. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओवी कुठे संपली हे दंडावरून ओळखायचे, तोही लेखकू विसरलेला असतो. ‘च’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘ख’ यांची गल्लत नित्याची. जुने रूप कळले नाही की नकल करणाऱ्याने स्वतःच्या काळचे रूप बेधडक घातलेले असते. शेवटच्या पानावर शक, संवत्सराचे नाव, तिथी आणि वार असेल तर नशीब; मग शक आणि संवत्सर जुळतात का ते पंचांगावरून पडताळायचे. जुळले नाहीत तर तारीख कोणी तरी मागाहून घातली, असा संशय धरायचा. एका ग्रंथाच्या तीन पोथ्या तीन गावांतून मिळाल्या तर तिन्हींचे पाठ ताडून पाहायचे. पोथीचा मालक ती बहुधा पूजेत ठेवतो, घराबाहेर देत नाही; तिथे बसूनच नकल उतरवावी लागते. एवढे करून महिन्याचा अंक वेळेवर छापायचा आणि वर्गणी थकवणाऱ्यांना पत्रेही लिहायची.

‘मनोरंजन’, ‘करमणूक’ यांसारखी नियतकालिके त्याच सुमारास कथा-कादंबऱ्यांच्या बळावर वाचक वाढवीत होती. ओवी आणि श्लोक छापणाऱ्या मासिकाला तसा वाचक मिळणार नव्हता, आणि मिळालाही नाही. ‘महाराष्ट्र कवि’ चार वर्षांनी थांबले. मराठी मासिकांच्या इतिहासात चार वर्षे ही काही लाजिरवाणी कारकीर्द नव्हे. त्याहून मोठी गोष्ट ही, की संपादक म्हणून भाव्यांनी जे वाचले ते इतिहासकार म्हणून त्यांच्या कामी आले.

मग १९१० च्या सुमारास मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभबिंदूच हलला. तोवर जुन्या मराठीची कथा मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’पासून आणि खऱ्या अर्थाने ‘ज्ञानेश्वरी’पासून सुरू होई. त्याच काळातले एक मोठे वाङ्मय महानुभाव पंथाच्या मठांत बंदिस्त होते. पंथप्रवर्तक चक्रधरांच्या लीळा त्यांच्या शिष्यांकडून ऐकून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेही गद्यात. पण पंथाबाहेरच्या माणसाला ते वाचता येत नसे. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली होती. त्यांतली मुख्य लिपी सकळ किंवा सकळी. तिचे तत्त्व असे, की अक्षरे देवनागरीचीच, पण एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर घालायचे. किल्ली माहीत असली तर मजकूर सरळ मराठी. नसली तर कानाला मराठीसारखा वाटणारा पण अर्थ न लागणारा गोंधळ. पंथाचे ज्ञान अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, हा त्यामागचा हेतू. त्याला समाजाने साथच दिली. महानुभावांचे काळे कपडे, मूर्तिपूजेबद्दलची आणि वर्णभेदाबद्दलची त्यांची मते यांमुळे शतकानुशतके त्यांच्याविषयी इतका आकस साठला होता, की त्यांच्या पोथ्यांत काही वाचण्याजोगे असेल असेच बाहेरच्या पंडितांना वाटत नव्हते.

या लिपीची उकल इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी प्रसिद्ध केली. तो मान त्यांचा. पण किल्ली सापडणे वेगळे आणि खजिना मोजणे वेगळे. दुसरे काम आरंभी ज्यांनी नेटाने केले त्यांत भावे पुढे होते. महंतांशी त्यांनी संबंध जोडला, त्यांचा विश्वास संपादला, पोथ्या पाहिल्या, कवींच्या आणि ग्रंथांच्या याद्या केल्या. पाचशे वर्षे परक्याला पोथी न दाखवणाऱ्या पंथाने ठाण्याच्या एका मीठ-व्यापाऱ्याला ती दाखवावी, हा त्या पंथाचाही मोठेपणा मानला पाहिजे. कारण बाहेर त्यांच्याबद्दल जे बोलले जात होते ते काही मैत्रीला उत्तेजन देणारे नव्हते. दामोदर पंडितांचे ‘वच्छाहरण’ आणि भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपालवध’ ही महानुभाव काव्ये भाव्यांनी संपादित करून छापली. ‘शिशुपालवधा’तला शृंगार आणि शब्दकळा पाहून, संतांच्या भक्तीखेरीज जुन्या मराठीत काही नाही असे मानणाऱ्या वाचकाला धक्का बसावा, असेच ते काव्य आहे.

१९१९ मध्ये ‘महाराष्ट्र सारस्वत’ची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्या निबंधाचा ग्रंथ झाला होता. वीस वर्षांपूर्वीच्या आढाव्यात ज्यांचा पत्ता नव्हता ते महानुभाव आता आरंभीच ठाण मांडून होते. मराठी वाङ्मयाचा आरंभ एकट्या वारकरी परंपरेत नाही, त्याच शतकात दुसरा एक समृद्ध प्रवाह होता आणि तो गद्यातही वाहत होता, ही गोष्ट सामान्य सुशिक्षित वाचकापर्यंत गेली ती मुख्यतः या ग्रंथामुळे. एरवी ती संशोधकांच्या टिपणांत पडून राहिली असती. स्वतःच्या जुन्या लेखनाची चौकट मोडून पुन्हा मांडणी करणे फार थोड्या लेखकांना जमते. भाव्यांना ते जमले, कारण निबंध आणि ग्रंथ यांच्या मधल्या वर्षांत ते पोथ्या वाचत राहिले होते.

ग्रंथाच्या शैलीबद्दल मात्र मतभेद होण्यासारखे आहे. भावे तटस्थ नाहीत. आवडलेल्या कवीबद्दल लिहिताना त्यांची लेखणी भरधाव सुटते, विशेषणांची आतषबाजी होते, वाचकाला ते थेट हाक मारतात, मधेच देशस्थितीवर उसासा टाकतात. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’च्या संस्कारात वाढलेल्या पिढीचा तो स्वभावच होता. त्यांनी दिलेले काही काळ आणि काही कर्तृत्वनिर्णय पुढच्या संशोधनात टिकले नाहीत. एका नावाचे दोन कवी किंवा दोन नावांचा एक कवी असे घोळ जुन्या मराठीत इतके आहेत की पहिल्या इतिहासकाराकडून ते सगळे सुटणे शक्यही नव्हते. काटेकोर पुराव्याची राजवाड्यांसारखी शिस्त त्यांच्यापाशी नव्हती. पण राजवाड्यांचे लेखन किती जणांनी वाचले आणि भाव्यांचे किती जणांनी, हेही पाहावे लागते. ‘सारस्वत’ हा रसाळ इतिहास आहे, आणि म्हणूनच तो विद्यार्थ्यांच्या व रसिकांच्या हातात राहिला. पुढे ल. रा. पांगारकरांनी मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला तो भक्ताच्या दृष्टीने, संतांभोवती फिरणारा. त्याच्या शेजारी ठेवले की भाव्यांची दृष्टी किती मोकळी होती ते उमगते: संत, पंडित, शाहीर, बखरकार, सगळ्यांना त्यांच्या घरात जागा आहे.

१९१९-२० मध्येच त्यांनी आणखी एक वादाचे काम हाती घेतले. तुकाराम महाराजांची गाथा तोवर अनेकदा छापली गेली होती. त्यांत सर्वांत प्रतिष्ठित होती ती विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ मध्ये काढलेली. तिला मुंबई सरकारने चोवीस हजार रुपयांचे साहाय्य दिले होते आणि तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग होते. भाव्यांनी प्रश्न विचारला तो असा: यांतले तुकारामांच्या हयातीतल्या वहीपर्यंत नेता येतील असे अभंग कोणते? तुकारामांचे सहकारी आणि टाळकरी संताजी तेली जगनाडे यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वहीवरून त्यांनी ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ दोन भागांत प्रसिद्ध केला. ‘अस्सल’ हा दावा सर्वांनी मान्य केला नाही. वही खरोखर संताजींच्या हातची का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण शुद्ध करून, वळण लावून छापलेल्या गाथेऐवजी सतराव्या शतकाच्या जवळची बोली जशी लिहिली गेली तशी समोर येणे, हे भाषेच्या अभ्यासकाला अमोल होते. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करणारे ते लेखन तुकारामांच्या तोंडच्या उच्चाराची कल्पना आणून देते. छापील गाथेत ती पुसली गेली होती.

याच सुमारास त्यांनी ‘मराठी दप्तर’ या नावाने जुनी ऐतिहासिक कागदपत्रे आणि बखरी छापायला घेतल्या. भागांना ‘रुमाल’ म्हणण्याची रीत त्यांनी जुन्या दप्तरखान्यातून उचलली. ‘चक्रवर्ती नेपोलियन’ हे चरित्रही त्यांनी लिहिले. प्राचीन कवींच्या अभ्यासकाला नेपोलियन कशाला हवा, असे वाटू शकते. पण पारतंत्र्यातल्या त्या पिढीला पराक्रमी पुरुषांच्या चरित्रांचे मोठे आकर्षण होते, आणि भावे त्याच पिढीचे होते. त्यांच्या लेखनात हे चरित्र बाजूला पडते. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की ‘सारस्वता’तल्या आवेशाचा उगम कुठे होता ते त्यातून कळते.

भावे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले नाहीत. त्यांच्या हयातीत संमेलने भरली ती पुणे, सातारा, बडोदे, अकोला, इंदूर, मुंबई येथे, आणि त्यांच्या अध्यक्षपदी बहुधा वकील, कवी, कादंबरीकार, पत्रकार किंवा संस्थानांतली प्रतिष्ठित माणसे बसली. पोथ्या छापणाऱ्या संपादकाची गणना ‘साहित्यिकां’त करायची की नाही, हे त्या काळाला नीट ठरवता आले नव्हते. आजही ते ठरलेले दिसत नाही.

१२ सप्टेंबर १९२६ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. महानुभाव वाङ्मयाचे काम मागे राहिले ते ह. ना. नेने, य. खु. देशपांडे आणि पुढे वि. भि. कोलते यांनी नेले. ‘लीळाचरित्र’ छापून येऊ लागले ते १९३०च्या दशकात, भाव्यांच्या मृत्यूनंतर. यादव काळाबद्दल इतकी नवी माहिती हाती आली की ‘महाराष्ट्र सारस्वत’ तसाच पुन्हा छापणे अयोग्य ठरले असते. प्राचीन मराठीचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्यावर एक तोड काढली. भाव्यांच्या मूळ मजकुराला हात न लावता त्यांनी स्वतंत्र, भरघोस पुरवणी जोडली. त्यामुळे ग्रंथाच्या एकाच प्रतीत दोन आवाज ऐकू येतात: मूळ लेखकाचा भारावलेला आणि पुरवणीकाराचा मोजून-मापून बोलणारा. मृत लेखकाच्या ग्रंथाची अशी अदब मराठीत विरळाच.

ठाण्यात मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा भरले ते १९६० मध्ये, रा. श्री. जोग यांच्या अध्यक्षतेखाली. मग १९८८ आणि २०१० मध्ये पुन्हा, आणि २०१७ मध्ये शेजारच्या डोंबिवलीत. भाव्यांनी आणि पटवर्धनांनी काढलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने २०१८ मध्ये सव्वाशे वर्षे पुरी केली. ठाणे स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सुभाष पथावर ते आजही चालू आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ वाचू इच्छिणाऱ्याने तुळपुळ्यांची पुरवणी असलेलीच प्रत मिळवावी, आणि एखाद्या कवीचा काळ किंवा कर्तृत्व याबद्दल भाव्यांचे मत उचलण्याआधी त्या पुरवणीत पाहावे.